जमीन तडकू लागली की घराचा पाया कसा सांभाळायचा

काळी चिकणमाती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरलं की थर एकमेकांपासून लांब सरकतात आणि पाणी निघून गेलं की जवळ येतात. मोकळ्या रानात त्यामुळे हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याच मातीवर घर उभं असेल तर भेगा भिंतीत येतात.

मात्र माती वाळली म्हणून लगेच भिंत फाटत नाही. सगळं घर एकसारखं १० मिमी खाली गेलं तर भिंतीला साधा तडाही जाणार नाही. अडचण होते ती माती कमी-जास्त वाळल्यामुळे. मधल्या खोल्यांखाली ना ऊन पोचतं ना वारा, तिथला ओलावा वर्षभर जवळपास तसाच राहतो. बाहेरच्या भिंतींलगतची माती मात्र वाळत जाते, आणि कोपऱ्याची माती तर दोन बाजूंनी वाळते. कोपरा खाली बसतो, मधला भाग जागेवर राहतो आणि भिंत तिरकी फाटते.

म्हणून काम एकच आहे: घराच्या चारही बाजूंची माती सारख्या ओलाव्यात ठेवायची आणि तो ओलावा झटक्यात बदलू द्यायचा नाही. चिखल करून उपयोग नाही. अति पाण्याने पायाखालची माती मऊ पडते, भार पेलायची तिची ताकद घटते आणि नुकसान उलट वाढतं.

आधी माती तपासा

मुरूम, खडक किंवा वाळूमिश्रित जमिनीवर घर असेल तर पुढची बरीच खटपट करायची गरजच नाही. चिकणमातीतून खालच्या स्थिर थरापर्यंत नेलेल्या पाइलवर (खोल खांबांवर) घर असेल तरीही बाहेरून पाणी देण्याने फारसा फरक पडत नाही. त्यामुळे आधी खात्री करून घ्या.

साधी परीक्षा अशी. जमिनीखाली ३० सेंमीवरची मूठभर माती घ्या, खडे काढा आणि पाणी घालून कणकेसारखी मळा. अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबत तिची पट्टी बाहेर काढा. पट्टी २.५ सेंमी व्हायच्या आत तुटली तर मातीत चिकणाचं प्रमाण कमी आहे. ५ सेंमीच्या पुढे न तुटता गेली तर माती भारी, म्हणजे चिकण जास्त असलेली, आहे.

भारी माती निघाली तर ती किती आकसते तेही पाहा. १० सेंमी लांबीचा उथळ साचा घ्या, आतून तेलाचा हात फिरवा, ओली माती हवा राहणार नाही अशी दाबून भरा. दोन दिवस सावलीत आणि मग कडकडीत वाळेपर्यंत उन्हात ठेवा. लांबी ५ मिमीपेक्षा कमी घटली तर काळजीचं कारण नाही. ८ मिमी किंवा त्याहून जास्त घटली तर पाया सांभाळावाच लागेल. प्रयोगशाळेतून करून घ्यायचं असेल तर मुक्त फुगवण चाचणी मागा. त्यात १० ग्रॅम कोरडी माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात आणि दोन्हींच्या आकारमानातला फरक मोजतात, कारण रॉकेलमध्ये माती फुगत नाही. हा फरक ५० टक्क्यांच्या वर गेला तर माती त्रासदायक समजावी.

कुठला तडा पायाचा आणि कुठला उन्हाचा

उन्हाळ्यात दिसणारा प्रत्येक तडा पायाचा नसतो. गिलाव्यावर जाळीसारख्या बारीक रेषा दिसल्या तर तो गिलावा आकसल्याचा परिणाम आहे. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या अगदी खाली आडवा तडा गेला असेल तर तापलेल्या स्लॅबने प्रसरण पावून भिंत ढकललेली असते. तिथे उपाय गच्चीवर करायचा, जमिनीत नाही. काँक्रीटचा कॉलम आणि वीटकाम जिथे भेटतात तिथली उभी रेषाही बहुतेक वेळा दोन साहित्यांच्या वेगळ्या वागण्याची असते.

पायाचा तडा तिरका जातो. तो खिडकी-दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून निघतो, वीटकामात जिन्यासारखा चढतो आणि आत-बाहेर दोन्हीकडून दिसतो. कोपरा खाली बसत असेल तर तडा वर रुंद आणि खाली निमुळता असतो. खाली रुंद असेल तर भिंतीचा मधला भाग बसतोय. अशा वेळी आधी गळका पाइप किंवा कच्चा भराव यांचा संशय घ्या. सोबतीला दारं अडकू लागतात, कडी बसत नाही, फरशी आणि स्कर्टिंग यांच्यात फट पडते.

या सगळ्याच्या आधी एक खूण दिसते आणि तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं: जोत्याला चिकटलेली माती सुटते आणि भिंत व जमीन यांच्यात फट तयार होते. ही फट ५ मिमीच्या पुढे जायच्या आत कामाला लागावं.

तडे मोजायला महागडं काही लागत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा, म्हणजे लांबी वाढली का ते कळेल. रुंदीसाठी तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा स्टीलचा खिळा ठोका आणि दोन खिळ्यांमधलं अंतर महिन्यातून एकदा कॅलिपरने मोजा. पारदर्शक लेव्हल पाइपमध्ये पाणी भरून जोत्याच्या सगळ्या कोपऱ्यांची पातळीही मांडून ठेवा. पाइपमध्ये बुडबुडे राहिले तर मोजमाप साफ चुकतं, तेवढं पाहा. पावसाळ्यात मिटणारा आणि उन्हाळ्यात उघडणारा तडा म्हणजे ऋतूची हालचाल. वर्षभर एकाच दिशेने रुंदावत जाणारा तडा वेगळा, त्याला वेगळं कारण असतं.

ठिबकची रिंग

ओलावा टिकवायला ठिबकइतकं चांगलं साधन नाही असं आमचं स्पष्ट मत आहे. हातात पाइप धरून रोज पाणी मारलं तर वरचे दोन-तीन सेंटिमीटर भिजतात आणि दुपारपर्यंत उडून जातात. शिवाय सोयीच्या बाजूला जास्त पाणी पडतं आणि अडचणीच्या बाजूला पडतच नाही, म्हणजे टाळायची तीच गोष्ट आपण स्वतःच्या हाताने घडवतो.

साहित्य: १६ मिमीची इनलाइन लॅटरल (ड्रीपर आतच बसवलेली नळी), दर ३० सेंमीवर ताशी २ लिटरचा ड्रीपर (थेंब सोडणारं तोंड), शक्यतो दाब सांभाळणारा, १२० मेशचा फिल्टर, १ बारचा दाबनियंत्रक, शेवटाला धुण्यासाठी फ्लश व्हॉल्व्ह, आणि जोडणी घरच्या पिण्याच्या पाण्याच्या नळावर असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारी झडप). हा शेवटचा भाग गाळू नका, नाहीतर दाब कमी होताच मातीतलं पाणी उलट पिण्याच्या लाइनमध्ये ओढलं जाऊ शकतं. लॅटरल जमिनीत पुरणार असाल तर सर्वांत उंच जागी एअर व्हॉल्व्हही बसवा. तो नसेल तर पाणी बंद होताना नळीत पोकळी होते आणि ड्रीपर चिखल आत ओढून तुंबतात.

लॅटरल भिंतीपासून ४५ सेंमी लांब ठेवा. भिंतीला चिकटून टाकली तर पाणी त्या फटीतून सरळ पायाच्या तळाशी उतरतं आणि नेमकी भार पेलणारी माती मऊ करतं. फार लांब टाकली तर भिंतीलगतचा पट्टा कोरडाच राहतो. नळी ५ ते ८ सेंमी मातीखाली किंवा आच्छादनाखाली असावी. चारही बाजू फिरून ती पुन्हा सुरुवातीला जोडा आणि एका टी-जोडातून दोन्ही दिशांना पाणी सोडा. म्हणजे शेवटच्या ड्रीपरपर्यंत दाब सारखा पोचतो.

आता हिशेब. घर १० बाय १२ मीटरचं धरलं तर परिघ ४४ मीटर. ४५ सेंमी बाहेरून फिरणारी लॅटरल सुमारे ४८ मीटर लागते आणि तिच्यावर १६० ड्रीपर येतात, म्हणजे तासाला ३२० लिटर. भिंतीलगतचा एक मीटर रुंदीचा पट्टा धरला तर ४८ चौरस मीटरवर तासाला साधारण ६.७ मिमी पाणी पडतं. चिकणमाती मात्र तासाला १ ते ५ मिमी एवढंच जिरवते. सलग चालू ठेवलं तर पाणी वर साचून वाहून जाईल किंवा मोठ्या भेगेत घुसेल. म्हणून १५ मिनिटं चालू, एक तास बंद, अशा तीन फेऱ्या द्या. एका दिवसाच्या ४५ मिनिटांत २४० लिटर, म्हणजे पट्ट्यावर ५ मिमी पाणी पडतं. आठवड्यातून तीन दिवस ही सुरुवात ठीक. रात्री उशिरा किंवा पहाटे द्या.

बसवल्यावर पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली भांडं ठेवून १५ मिनिटांत किती पाणी जमतं ते मोजा. दोन्हीकडे ५०० मिलीच्या आसपास हवं. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर फिल्टर साफ करा आणि लाइन धुवा.

पाणी कमी पडतंय की जास्त, हे घड्याळावरून कळणार नाही. दर आठवड्याला चार-पाच ठिकाणी ३० सेंमी खोलीवरची माती काढा आणि तळहातावर वळून तिची ३ मिमी जाडीची दोरी करून पाहा. दोरी न तुटता होत असेल आणि हाताला चिकट चिखल लागत नसेल तर ओलावा बरोबर. तीन मिमीला यायच्या आधीच चुरा होत असेल तर एक दिवस वाढवा. माती बोटांना लगदा होऊन चिकटत असेल तर एक दिवस कमी करा. दुपारचं ऊन झेलणारी बाजू इतरांहून लवकर वाळते. रिंगऐवजी दोन स्वतंत्र विभाग करून त्या बाजूला वेगळा बॉल व्हॉल्व्ह दिलात तर तिथे एखादी फेरी जास्त देता येते. पाणी सगळीकडे सारखं दिलं की झालं असं नाही, माती सगळीकडे सारखी ओली राहायला हवी.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. ऋतूनुसार ओलावा बदलणारा थर अशा मातीत साधारण १.५ ते ३.५ मीटरपर्यंत खोल जातो. वरून ठिबकने दिलेलं पाणी तिथवर लगेच पोचत नाही. ठिबक वरची आणि कडेची वाफ भरून काढतं आणि खालचा साठा टिकवतं. म्हणूनच ते भेगा पडायच्या आधी, कोरडे दिवस सुरू होतानाच चालू करायचं.

उशीर झालाच असेल तर

भेगा आधीच पडल्या असतील तर घाई करू नका. भेगेत पाइप सोडणं हा सर्वांत नुकसान करणारा उपाय आहे. पाणी भेगेतून एका ठिकाणी खोल उतरतं, तिथली माती झपाट्याने फुगते आणि कालपर्यंत बसलेला कोपरा उद्या एकटाच वर उचलला जातो. आठवड्यातून तीनऐवजी रोज १५ मिनिटांच्या दोन फेऱ्या चारही बाजूंना द्या आणि तीन ते चार आठवडे धीर धरा. फटी हळूहळू मिटतील.

फटीत सिमेंटची स्लरी, खडी किंवा वाळूही भरू नका. पावसाळ्यात माती फुगेल तेव्हा मधल्या कडक भरावामुळे तिला जागा उरणार नाही आणि ती भिंतीला आडवी ढकलेल. फट फारच मोठी असेल तर वरच्या १५ ते २० सेंमीत तिथलीच चाळलेली कोरडी माती सैल भरा, ठासू नका.

आरओचं टाकाऊ पाणी, पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं (वॉटर सॉफ्टनरचं) धुवण आणि कपड्यांच्या साबणाचं पाणी पायाजवळ वापरू नका. पहिल्यात क्षार साचलेले असतात आणि बाकी दोन्हींत सोडियम जास्त असतं. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, तिचं फुगणं वाढतं आणि पृष्ठभागावर पाणी न जिरवणारी साय धरते.

आच्छादन आणि जोत्याचा पट्टा

पाणी मोजकंच असेल तर वाफ अडवण्यावर भर द्या. भिंतीभोवती १ ते १.२ मीटर रुंदीत ७ ते १० सेंमी जाड पाचट, पेंढा, वाळका पाला किंवा लाकडाचे तुकडे पसरा. भिंतीला लागून १५ सेंमी पट्टा मोकळा सोडा आणि आच्छादनाची वरची पातळी ओलरोधक थराच्या (जोत्यातून ओल वर चढू न देणाऱ्या थराच्या) १५ सेंमी खाली ठेवा. हे अंतर वाळवीसाठी आहे: भिंतीवर मातीच्या नळ्या चढताना दिसायला हव्यात. महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन जोतं तपासा.

काँक्रीटचा पट्टा, म्हणजे प्लिंथ प्रोटेक्शन, चांगला टिकतो, पण तो चुकीचा घातला तर त्यासारखा फसवा प्रकार नाही. रुंदी निदान १ मीटर असावी. खाली १० ते १५ सेंमी मुरूम दाबून त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद टाका, मग ७.५ ते १० सेंमी काँक्रीट घाला. उतार बाहेरच्या दिशेला, मीटरला २० मिमी. दर १.५ मीटरवर जोड ठेवा. भिंत आणि पट्टा यांच्यात १२ मिमी फट ठेवून तिच्यात बिटुमेनचा फळीसारखा भराव घाला आणि वरून पॉलिसल्फाइड सीलंट भरा. भिंतीला घट्ट जोडलेला पट्टा माती उठताच गिलावा उखडतो. माती बसली तर पट्टा वरून अखंड दिसतो आणि खाली पोकळी तयार होते.

आणि तो ऐन कडक उन्हात, भेगाळलेल्या जमिनीवर घालू नका. वाळलेली माती पट्ट्याखाली बंद होते, पुढे ओलावा मिळताच फुगते आणि पट्टा उचलते. माती मध्यम ओलाव्यात असताना, म्हणजे पाऊस संपून काही आठवड्यांनी, हे काम घ्यावं.

झाडं

मोठं झाड पायाखालचं पाणी किती ओढतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. मुळं पाया फोडतात अशी समजूत आहे, पण घरांचं जास्त नुकसान मुळांनी माती कोरडी केल्यामुळे होतं. नवीन झाड लावताना भिंतीपासून अंतर निदान पूर्ण वाढलेल्या झाडाच्या उंचीएवढं ठेवा. वड, पिंपळ, निलगिरी यांच्यासारख्या झाडांना उंचीच्या दीडपट द्या. झुडपं १ ते १.५ मीटर लांब लावा. एकाच भिंतीला लागून फुलांचा वाफा करून त्याला रोज पाणी घालणं म्हणजे एका बाजूला पावसाळा आणि दुसऱ्या बाजूला दुष्काळ.

जुनं झाड जवळ असेल तर त्याला घराच्या विरुद्ध बाजूला, पसाऱ्याच्या कडेखाली, दहा-पंधरा दिवसांतून एकदा भरपूर पाणी द्या. मुळं पाण्याकडे वाढतात. हे पुरत नसेल तर घर आणि झाड यांच्यामध्ये, पायापासून निदान १.५ मीटर सोडून, १ ते १.२ मीटर खोल चर खणून १ मिमी जाडीची एचडीपीई (कडक प्लास्टिकची) शीट उभी पुरा. तिची कड जमिनीच्या ५ सेंमी वर ठेवा, नाहीतर मुळं वरून ओलांडतात. बुंध्याजवळची जाड मुळं एका बाजूने तोडू नका, पहिल्याच वादळात झाड पडू शकतं.

झाड तोडून टाकलं की प्रश्न मिटेल हा विचार भारी मातीत धोक्याचा आहे. वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती पुन्हा पाणी पिऊ लागते आणि कित्येक वर्षं फुगत राहते. झाड घराच्या आधीपासूनचं असेल तर हा धोका सर्वांत मोठा, कारण पाया घातला तेव्हाच माती वाळलेली होती. अशा वेळी अभियंत्याला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका. फांद्यांची नियमित छाटणी जास्त सुरक्षित.

गळती आणि पहिला पाऊस

माती हलते तेव्हा जमिनीतल्या पाइपचे जोड निसटतात आणि तिथून एकाच कोपऱ्याला पाणी मिळत राहतं. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा आणि दोन तासांनी पुन्हा पाहा. आकडा सरकला असेल तर आधी गळती शोधा, ठिबकचा विचार नंतर. सांडपाण्याची गळती मीटरवर दिसत नाही, त्यासाठी चेंबर उघडून पाहावे लागतात. गच्चीतली टाकी भरून वाहते ते पाणी जोत्यापाशी पडतंय का, हेही बघा.

पाऊस येण्याआधी छपराच्या उतरत्या पाइपांचं पाणी भिंतीपासून निदान २ मीटर लांब न्या आणि पट्ट्याच्या पुढची जमीन पहिल्या ३ मीटरला १५ सेंमी उतार देऊन ठेवा. तडकलेल्या जमिनीत पहिला जोरदार पाऊस भेगांमधून थेट खाली जातो. उन्हाळाभर ओलावा राखला असेल तर भेगाच नसतात, आणि हा धक्का आपोआप टळतो. ठिबक मात्र पहिल्याच सरीला बंद करू नका. ३० सेंमीवरची माती ओली झाल्याची खात्री करूनच थांबवा.

दुरुस्ती केव्हा, अभियंता केव्हा

तडे बुजवायची घाई सगळ्यांना असते. ऐन उन्हाळ्यात रुंद झालेला तडा कडक सिमेंटने भरला तर पावसाळ्यात तडा मिटायला जातो आणि शेजारी नवा तडा जातो. ओलावा स्थिर होऊ द्या, मोजमापं तीन-चार महिने बदलली नाहीत की मगच लवचीक भराव वापरून दुरुस्ती करा. पायाला खालून आधार देण्याचा खर्चिक निर्णय तर एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा यांच्या नोंदी हातात आल्याशिवाय घेऊ नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरला तारखांसह तड्यांची रुंदी, कोपऱ्यांच्या पातळ्या, मातीची चाचणी आणि पाणी दिल्याचं वेळापत्रक दाखवा. एका भेटीत डोळ्यांनी पाहून जे कळत नाही ते या कागदांवरून कळतं.

तडा ५ मिमीच्या पुढे गेला तर वाट न पाहता त्यांना बोलवा. १५ मिमीच्या पुढे गेला असेल, भिंतीला पोट आलं असेल, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी पट्टी) किंवा तुळई टेकणाऱ्या जागेवरून सरकलेली दिसत असेल तर ती खोली रिकामी करा. वरच्या कुंड्या, पाण्याच्या टाक्या, कपाटं यांचा भार हलवा. ठिबक चालू असेल तर आहे तसं राहू द्या, वाढवू नका आणि अचानक बंदही करू नका. टेकू कुठे आणि किती लावायचे ते मात्र अभियंत्यालाच ठरवू द्या, कारण चुकीच्या जागी लावलेला टेकू भार भलत्याच भिंतीवर टाकतो.